मंगोलियाच्या डायनासोरवर तिसगावचा शिक्का

तिसगाव, ६ सप्टेंबर

सुकन्या,

तुझ्या नानांनी माझं पाकीट फाडायला दोन्ही अंगठे लावले आणि मधेच थांबले, त्या क्षणी माझं सगळं बदललं.

मला कसं कळलं म्हणशील. मी समोरच्या रसवंतीवर उभा होतो. चिडू नकोस. दारात यायचं नाही असं तू म्हणाली होतीस, दारात मी आलो नाही. रसवंती रस्त्याच्या पलीकडं आहे आणि देवळालीत रस प्यायला कुणाची परवानगी लागत नाही. पहिला ग्लास हातात घेतला तेव्हाच रसवाला म्हणाला, "त्या घराकडं काय बघताय? म्हातारा लई तिखट हाय. मागल्या आठवड्यात पोरीच्या नावानं पाकीट आलं, तर न वाचताच चार तुकडं केलं."

"तुम्ही बघितलं?"

"मी एकट्यानं न्हाई, समद्या रोडनं बघितलं."

म्हणजे माझं पहिलं पत्र तुला मिळालं नाही. बरंच झालं. त्यात मी वेडंवाकडं लिहिलं होतं.

दुसरं त्या दिवशी पोचणार हे माहीत होतं म्हणून तर आलो होतो. त्यावर साध्या तिकिटाशेजारी मी तू वाढदिवसाला दिलेल्या परदेशी तिकिटांच्या पुडीतलं एक चिकटवलं होतं. मंगोलियाचं, जबडा उघडून दोन पायांवर उभ्या डायनासोरचं. उपयोग काही नाही, नुसतं शोभेला. पोस्टमननं ते ओट्यावर नानांच्या हातात दिलं. नानांनी अक्षर ओळखलं असणार, कारण लगेच पाकीट आडवं धरलं. आणि थांबले. चष्मा कपाळावर ढकलला. पाकीट नाकाजवळ नेलं, मग लांब धरलं. मग हात शर्टाला पुसले, आणि दुधावरची साय उचलावी तसं ते कडेनं उचलून आत गेले.

आत तू होतीस. म्हणजे पोचलं.

कारखान्यातून रिटायर झाल्यापासून नाना आईपेक्षा तिकिटांच्या अल्बमशी जास्त बोलतात असं तूच सांगायचीस. तेव्हा मी हसायचो. आता मला वाट सापडलीय. पुडीत जेवढी तिकिटं, तेवढी पत्रं तुला मिळणार.

तुझा प्रश्न माझ्या लक्षात आहे. फोन बंद करताना तू म्हणालीस, "फोनवर तुझा आवाज चढतो, गोरख. मला लिहून कळव. परत कॉलेजात बसणार की नाही, एवढंच. तुळशीच्या लग्नापर्यंत मी घरच्यांना थांबवते." उत्तर या पत्रात नाही. त्या सहलीच्या बसमध्ये काय झालं, कुणाचा दात कसा पडला, ते वर्गानं तुला सांगितलंच आहे. मी सांगणार नाही. शेवटच्या वर्षाला असं निघून आल्यावर माफीचा कागद घेऊन सरांच्या दारात उभं राहायचं, हे मला आज जमणार नाही. उद्याचं माहीत नाही.

पण तू लिही. काहीही लिही.

गोरख

तिसगाव, २२ सप्टेंबर

सुकन्या,

पोस्टात छबूबाई बसतात. त्या आता मला ओळखतात. पहिल्यांदा पाकीट दिलं तेव्हा म्हणाल्या, "ही घोरपड कुठली रं?"

"मंगोलियाची."

"आन् हिथं काय करती?"

"देवळालीला चाललीय."

"पैसं आपल्या तिकिटाचं पुरं हायेत. शेजारी घोरपड लाव न्हाईतर बैल लाव, माझं काय जातंय?"

मी दोन्ही तिकिटं एकमेकांना खेटून लावतो. म्हणजे गोल शिक्का निम्मा आपल्या तिकिटावर आणि निम्मा डायनासोरवर बसतो. छबूबाई शिक्का मारतात तो टेबल हलतं असा मारतात.

पुडी देताना तू सांगितलं होतंस, यातली बहुतेक तिकिटं कधी कुठं गेलेलीच नाहीत. तिकडंच कोपऱ्यात शिक्का उठवून जगभरच्या नादिष्टांना विकलेली. मागचा गोंद तसाच. कुणाच्या जिभेला लागली नाहीत, कुणाच्या पिशवीत पडली नाहीत. मला तेव्हाच कसंतरी झालं होतं. एवढं मोठं जनावर आणि नुसतं पुडीत. आता एकेकाला मी खरा प्रवास घडवतोय. नगरच्या स्टँडवर गाडी बदलायची, राहुरीला उतरायचं, मग देवळालीत तुझं घर. मला जमत नाही ते त्यांना जमतं.

मी मामाच्या बोअरच्या गाडीवर आहे. रोज नवं शिवार, रोज तोच काळा दगड. भोकातून राखेसारखी भुकटी उडते, संध्याकाळी नाक शिंकरलं तरी काळं निघतं. सरांचा तो तास आठवतो का? "आपल्या जिल्ह्यात डायनासोरचं हाड शोधत बसू नका, सगळा लाव्हा आहे. जे काही असेल ते त्याच्या खाली." आणि तू हात वर करून विचारलंस, "म्हणजे खाली असू शकेल ना, सर?" सगळा वर्ग हसला. मी हसलो नाही. मी त्या दिवसापासून हसायचंच विसरलो म्हटलं तरी चालेल.

रॉड खाली जायला लागला की मला तुझा तो वर केलेला हात दिसतो. मामा ओरडतो, "गोरख्या, झोपला का?" झोपलेलो नसतो.

तू पाकीट बोटानं फाडतेस, मला माहितेय. हे जरा हळू फाड, तिकीट तुझंच आहे. आणि उत्तर दे. तुझं अक्षर बघून किती दिवस झाले. प्रॅक्टिकलच्या वहीत तू माझ्यासाठी एक आकृती काढून दिली होतीस, ती वही कॉलेजातच राहिली. रागात निघालो ना.

गोरख

तिसगाव, ८ ऑक्टोबर

सुकन्या,

एक ओळ. एक ओळ मागतोय फक्त.

लिहून कळव म्हणालीस म्हणून लिहितोय. मी लिहायचं आणि तू वाचून गप्प बसायचं, असं ठरलं होतं का? नको असेन तर नको म्हण. भिंतीला बोलल्यावर निदान आवाज तरी परत येतो.

तुझा फोन बंदच, म्हणून तुझ्या मैत्रिणीला, रेश्माला फोन केला होता. म्हणाली, "मला तुमच्या मधी घेऊ नका, तिनं शपथ घातलीय. तुझा एकही निरोप न्यायचा न्हाई. पण स्थळ आलंय एवढं सांगते. चिंचवडचा हाय, स्वतःचा फ्लॅट हाय." असू दे की फ्लॅट! मी काय फ्लॅटशी भांडायला जाऊ? गॅलरीत तुळस ठेवशील, कपडे वाळत घालशील, आणि कुणीतरी विचारेल काय शिकलीस, तर म्हणशील दगड. मग ते हसतील. हसतीलच बघ ते.

आज गाडीवर भांडण झालं. मी पाना फेकला. कुणाला लागला नाही. मामानं दुपारपासून बोलणं टाकलंय.

वरचं सगळं फाडून टाकणार होतो. पण पाकिटाला तिकीट आधीच लावून ठेवलंय, आणि गोंद एकदाच ओला होतो. तेव्हा जाऊ दे तसंच. राग आहे तो तुझ्यावर नाही. तू समोर नाहीस त्याच्यावर आहे. काल राहुरीचा एक टेम्पो चहाला थांबला होता. त्याच्या हौद्यात ऊस होता. मी त्या उसाकडं बघत बसलो, तुझ्या बाजूचा म्हणून. सांग आता, हे काय वय आहे का उसाकडं बघत बसायचं?

पुडीत आता एकच राहिलंय.

गोरख

मिरजगाव, २४ ऑक्टोबर

सुकन्या,

हो.

पहिलाच शब्द तो लिहिलाय, म्हणजे कागद अर्धा फाटला तरी तुला कळेल. हो, परत बसतोय. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग सुरू होतील तेव्हा मी बाकावर असेन.

कसं झालं ते सांगतो. इथं मिरजगावजवळ मुक्ताबाई म्हणून एक आहेत, त्यांच्या शेतात बोअर घेत होतो. बाई खुर्ची टाकून समोर बसल्या, जागच्या हलल्या नाहीत. पाणी काही लागेना. मला म्हणाल्या, "आजून खाली काय हाय?"

म्हटलं, "दगडच."

"त्येच्या खाली?"

"अजून दगड."

"आन् त्येच्या बी खाली?"

मग मी बोलायला लागलो. हा सगळा दगड कधीकाळी पातळ होता, थरावर थर आला, त्याच्या तळाशी जुनी जमीन असणार, कदाचित जुनी नदी. तिथं कोण चालत होतं कुणी बघितलेलं नाही, इतकं खाली अजून कुणी गेलेलं नाही. मशीन चालू होतं, मी ओरडून सांगत होतो. बाई ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "आरं मग तू हितं काय करतोस? जा की, शिकून घे. आमचं भोक काय, कुणीबी पाडंल."

एवढंच. तू किती वेळा हेच सांगितलं होतंस. तुझ्या तोंडून ऐकताना मला वाटायचं, मी तुला कमी पडतोय म्हणून सांगतेस. त्या बाईला माझं काय पडलं होतं? तरी ती म्हणाली.

सोमवारी नगरला गेलो. सरांना कागद दिला. ते म्हणाले, "कान पकडून उभा राहा असं मी कधी म्हटलं होतं? चार ओळी मागितल्या होत्या, त्याला एवढे महिने लावलेस." ज्याचा दात पडला त्यालाही भेटलो. नवा दात जुन्यापेक्षा बरा दिसतो असं तोच म्हणाला. मामा म्हणतो, जातोस तर जा, परत गाडीवर घेणार नाही. नको घेऊ दे.

तर हे माझं उत्तर. वेळेत दिलंय. तुळशीच्या लग्नाला अजून अवकाश आहे. आता तू घरी काय सांगायचं ते सांग. मी वाट बघतो. चिंचवडच्याचं मला काही म्हणायचं नाही. म्हणजे खूप म्हणायचंय, पण आवाज चढेल.

पुडीतलं शेवटचं तिकीट यालाच लावतोय. पूर्व जर्मनीचं, बर्लिनच्या संग्रहालयाच्या शताब्दीचं. यावर जनावर नाही, नुसता सांगाडा आहे, लांब मानेचा. तो देश उरला नाही, जनावर तर त्याच्या कितीतरी आधी गेलं, आणि तिकीट बघ, अजून कोरं करकरीत. हे मी मुद्दाम शेवटपर्यंत ठेवलं होतं. पोस्टात सांगणार आहे, शिक्का जरा बघून मारा.

तुझाच,
गोरख

तिसगाव, १० नोव्हेंबर, सकाळ

सुकन्या,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. का, ते सांगतो, आणि आवाज न चढवता सांगतो.

काल फी भरायला नगरला गेलो होतो. येताना एका मंगल कार्यालयावर फलक दिसला, पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांचं प्रदर्शन. माझी पुडी संपली होती. वाटलं, आत कुणी विकायला बसलं असेल, तुझ्यासाठी नवी घेऊ. म्हणून शिरलो.

कोपऱ्यातल्या फ्रेममध्ये मला माझं अक्षर दिसलं.

वरच्या ओळीत आपलं एकावन्न सालचं, हत्तीच्या पूर्वजाचं तिकीट होतं. त्याच्या शेजारी चीनचं. आणि खाली ओळीनं 'कु. सुकन्या', 'कु. सुकन्या', 'कु. सुकन्या'. तिसगाव, तिसगाव, तिसगाव, तिसगाव, मिरजगाव. प्रत्येक पाकिटाला प्लॅस्टिकचे कोपरे. चारही कडा शाबूत. खाली टाइप केलेली पट्टी: 'परदेशी स्मरणतिकिटांवर ग्रामीण शिक्के. न उघडलेली कव्हरे.' आणि एक निळी फीत, उत्तेजनार्थ.

तुला मी काय काय लिहिलंय, आणि तू त्यातलं एक अक्षर वाचलेलं नाहीस. इतके दिवस मी तुझ्या गप्प बसण्यावर चिडलो. तू माझ्या गप्प बसण्यावर चिडली असशील.

शेजारी आवाज आला, "बघा, बघा, जवळून बघा. हात तेवढा लावू नका." नाना. इस्त्रीचा शर्ट, खिशाला बिल्ला. मला ते कुठून ओळखणार! बोलायला माणूस मिळाला म्हणून खूश होते.

"ह्यो डायनासोर मंगोलियाचा. आन् शिक्का तिसगावचा, तालुका पाथर्डी! आख्ख्या जगात दुसरा दाखवा, मी मिशी काढतो."

मी विचारलं, "ही उघडली नाहीत?"

"उघडलं की मजा गेली. आमची पोरगी तर बोटानं फाडती. कात्री घ्यायचा कंटाळा."

"पण पत्रं तिची आहेत ना?"

"देनार की. फ्रेम पुण्याच्या प्रदर्शनाला जाऊन येऊ दे, मग देतो."

"आत काय आहे, बघावंसं वाटलं नाही?"

नाना एकदम ताठ झाले. "दुसऱ्याचं पत्र मी वाचत न्हाई. उजेडासमोर सुदिक धरलं न्हाई." आणि सुकन्या, ते खरं बोलत होते. त्यांना त्याचा अभिमान होता.

मग म्हणाले, "कोन गाव तुमचं?" मी सांगितलं. त्यांनी माझ्या नखांतल्या काळ्याकडं पाहिलं. मग फ्रेमकडं. मग परत माझ्याकडं. "मंगोलियाची ती माझीच जादाची हुती," ते हळू म्हणाले. "पोरीनं मागून घेतली. कुनासाठी, ते पाकिटावर चिकटून आली तवाच कळलं मला. तुमीच का ते?"

"हो."

मला वाटलं, आता शिव्या देतील. तर म्हणाले, "पुढलं पाकीट कवा?"

मी म्हटलं, "नाना, बाकीची राहू द्या. मिरजगावचं तेवढं उघडून तिला द्या."

"मिरजगावचं?" जणू मी त्यांची किडनी मागितली. "आरं, ह्यो शिक्का बघ. गाव वाच, तारीख वाच, एक रेघ फुटलेली न्हाई. ह्येच्यामुळं तर फीत मिळाली!"

कशी फुटेल? तिथल्या पोस्टमास्तरांना पाकिटाखाली पेपरची घडी ठेवायला मीच लावलं होतं. सगळ्यात महत्त्वाचं पत्र म्हणून सगळ्यात सुंदर केलं. आता ते कुणीच उघडणार नाही.

"त्यात तिच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ती वाट बघतेय."

नानांनी चष्मा काढला, पुसला. "बघत हुती," ते म्हणाले. "रोज इचारायची, नाना, काय आलं का? मी म्हनायचो, लाईटबिल. दिवाळीपसून इचारत न्हाई. परवा म्हनली, तुमी ठरवाल तसं. तुळशीचं लग्न झालं की सुपारी फोडायची हाय."

माझा हात उठला. खोटं कशाला लिहू, मूठ वळली होती. समोर नुसतं पातळ प्लॅस्टिक. नाना मागं सरले नाहीत. दोन्ही हात पसरून फ्रेमला पाठ लावून उभे राहिले. "मला मार," म्हणाले, "पर ह्येला हात लावू नगं." त्यांच्या काखेखालून तुझं नाव दिसत होतं, माझ्या अक्षरातलं. मी हात खाली केला आणि बाहेर आलो. स्टँडपर्यंत चालत आलो, मग तिथं बसून राहिलो.

टपालानं आता काहीच जमणार नाही. रजिस्टर केलं तर नाना त्यावरची चिठ्ठी जपतील. बिनतिकिटाचं टाकलं तर दंड भरून सोडवून घेतील आणि दंडाचा शिक्का जपतील. रेश्मा शपथेला बांधलेली, तुझा फोन बंद. म्हणून हा कागद मीच घेऊन येतोय. याला पाकीट नाही, तिकीट नाही. घडीसुद्धा घालत नाही.

मी दारात येतोय. नको म्हणाली होतीस तिथंच. रसवंतीवर थांबणार नाही. नाना ओट्यावर असतील. त्यांच्यासमोर तुला हाक मारीन आणि हा कागद तुझ्या हातात देईन, नानांच्या नाही. आवाज चढणार नाही असं वचन देतो, पण माझ्या वचनाचं तुला माहितेय. चढलाच तर आतूनच ऐक. पत्रांमधलं सगळं गेलं तरी चालेल, राग, ऊस, मुक्ताबाई, सगळं. उत्तर 'हो' आहे, आणि ते मी वेळेत दिलं होतं. एवढं तुला कळलं पाहिजे.

त्यानंतर तू त्यांना हो म्हण नाहीतर मला म्हण. तुला चिंचवडला जायचं असेल तर ते मी तुझ्या तोंडून ऐकून घेईन आणि परत येईन. कॉलेजात तरीही बसेन. पण माझं न ऐकता ठरवू नकोस. मी लिहिलंच नाही असं समजून तर नकोच.

आई विचारतेय कुठं चाललास. म्हटलं देवळालीला. म्हणाली, भाकरी खाऊन जा. नको म्हटलं. तिनं धुतलेला शर्ट आणून दिला.

नगरची गाडी नाक्यावर आलीय, हॉर्न ऐकू येतोय. हे शेवटचं बाहेर उंबऱ्यापाशी उभ्यानं लिहितोय, कागद दारावर धरून, म्हणून अक्षर असं. आमचं दार वर उचलून ओढल्याशिवाय बसत नाही, त्याला दोन्ही हात लागतात. पेन खिशात ठेवतो. कागद दातांत धरतो. दार लावतो.